नऊ जणांची यादी

ता. ४ जून

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

इथल्या ठाण्यातून तुझी बदली होऊन महिना झाला नाही, तोच इथली घडी विस्कटली. पोलिस आणि वस्ती मिळून तू समिती काढलीस, टोळी सोडणाऱ्यांना काम देऊ म्हणालास, म्हणून मी माझ्या शिवणाच्या दुकानात बसून अशा नऊ जणांची नावं पत्त्यांसकट लिहून दिली. परवा चौकात एक जण भोसकला गेला, तर नव्या साहेबांनी तीच यादी काढली आणि नऊही जणांना उचललं. त्यात माझे धाकटे दीरही आहेत. वर्षभर गॅरेजात इमानेइतबारे राबत होते रे. बायका शिवायला टाकलेले कपडे अर्धवटच परत घेऊन गेल्या. मी केसाने गळा कापला म्हणतात.

भाऊजींना मारतील या धास्तीने सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नाही. तेवढा शब्द टाक. तुझ्यावर रागावले आहे, माया मात्र तशीच आहे.

तुझी धाकटी

ता. ८ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून मान खाली गेली. यादी ठेवलेल्या कपाटाची किल्ली बदलीबरोबर दुसऱ्याकडे जाते, हे मला सुचायला हवं होतं. नवे साहेब माझ्याच हाताखाली तयार झालेले, त्यांना फोन केला. बाकीच्यांचं माझ्या हातात नाही, पण तुझ्या दिराला कोणी हात लावणार नाही. येत्या शनिवारी सगळे सुटतील. लहानपणी रागावलीस की ताटावरून उठायचीस, तसं आता करू नकोस. सासूबाईंना नमस्कार सांग आणि दादावर लोभ ठेव.

तुझा दादा

ता. २४ जून

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

त्या शनिवारी आठ जण लंगडत आले. भाऊजी ताठ चालत आले. अख्खी गल्ली दारात उभी राहून बघत होती. घरात येताच त्यांनी मला विचारलं, की त्यांना मारू नये म्हणून मी कोणाला सांगितलं होतं का. मी हो म्हटलं. ते खाली बसले. ज्याला मार पडला नाही त्यानेच तोंड उघडलं, असं टोळीवाले धरून चालतात, हे मला तेव्हा कळलं.

सासूबाई मात्र हरखल्या. सुनेच्या भावाने शब्द टाकला, म्हणून लेकाच्या अंगाला बोट लागलं नाही, असं येईल त्याला सांगत सुटल्या. मी गप्प करायला गेले, तर माहेरचं कौतुक तुलाच का खुपतं म्हणाल्या.

बुधवारी भरदुपारी गॅरेजच्या दारात भाऊजींना भोसकलं. ते जागीच गेले. कोणी काही पाहिलेलं नाही. साहेबांचा माणूस येऊन समितीची बैठक कधी घेता विचारून गेला.

सासूबाईंनी तुला आशीर्वाद कळवायला सांगितले आहेत. तुझ्यामुळे लेक शेवटचे चार दिवस तरी धडधाकट पाहायला मिळाला, म्हणतात. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझी धाकटी