सुगंधाची जागा

१६ ऑक्टोबर १९५५, रविवार

पोरीने आज माझा घात केला.

चर्चमध्ये हंगामाचा सण होता. टेबलावर बाजरी, भोपळे, दोन कोंबड्या, माझी डझनभर अंडी — मंडळीच्या घरचं जे असेल ते देवाला वाहिलेलं. उपासनेनंतर नेहमीप्रमाणे त्याचा लिलाव, पैसे चर्चला. चर्चचे पंच आबाजी बोली पुकारत होते. टेबल रिकामं झालं तशी माझी सुगंधा उठली आणि टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "आमच्याकडे शेत नाही. मी स्वतःलाच ठेवते." म्हणे महारोग्यांच्या दवाखान्यात सेवेला जाणार.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी घेते परत." सगळे हसले. आबाजी म्हणाले, "बाई, ज्यानं ठेवलं त्याच्या घरच्यांनी बोली लावायची नाही. रीत ठाऊक आहे ना?"

नंतर बायका माझे हात धरून धरून धन्य म्हणत होत्या. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, आनंदाचं.

१७ ऑक्टोबर

सुगंधा पुढच्या महिन्यात नव्या औषध-कारखान्यात रुजू व्हायची होती. पगार, विटांची खोली, घरात नळ! हे गेल्यापासून मी पिंपरी कॅम्पातल्या शिंप्याकडची काजं करते आहे. आता सुईत दोरा ओवायलाही शेजारच्या छबूबाईला हाक मारावी लागते. सुगंधाला हे दिसत नाही का?

विचारलं, तर म्हणाली, "आई, रविवारच्या शाळेत तूच शिकवलंस — आधी देव, मग पोट."

शिकवलं खरं. दुसऱ्यांच्या पोरांनाही शिकवलं. ती सगळी कारखान्यात चिकटली.

२९ ऑक्टोबर

गेली. ट्रंक तिनेच उचलली. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज चर्चला गेले नाही. गेल्या रविवारीही नाही. तिथे बोलायचं कुणाशी — ज्याने पोर नेली त्याच्याशी?

छबूबाई भाजी घेऊन आली. "तुमचा देव बी लई कडक हाय, बाई. येकुलती येक, तीच बरी दिसली त्याला." मी रागवायला हवं होतं. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

कारखान्यातला कारकून येऊन गेला. एक डिसेंबरपर्यंत जागा ठेवतो म्हणाला, मग दुसरीला देणार. ठरलं. मी तिला आणायला जाणार. रीत गेली खड्ड्यात.

२१ नोव्हेंबर, दवाखान्यात

भांडायची तयारी करून आले होते. गरजच पडली नाही. सुगंधा धावत आली आणि गळ्यात पडली. केवढी वाळली आहे! "आई, मला ने. जेवण जात नाही. बायका हात धरतात तेव्हा अंगावर काटा येतो, आणि मग माझीच मला लाज वाटते. सगळ्यांपुढे एवढं बोलून बसले — आता कोणत्या तोंडाने येऊ?"

हेच ऐकायला आले होते. मग बरं का वाटत नाही?

ट्रंक मीच भरली. दारात अंबूबाई म्हणून एक रोगी बाई बसली होती. हाताची बोटं झडलेली. "नेता व्हय लेकीला?" म्हणाली. "न्या. रडत रडत का व्हईना, माजी येणी घालायची. लई वर्सं झाली, डोईला कुनी हात लावला न्हवता." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला तेच सोसलं नाही.

बऱ्याच दिवसांनी प्रार्थना केली. मागितलं काहीच नाही. उद्या सकाळची गाडी.

२२ नोव्हेंबर

उजाडताच इथल्या मोठ्या बाईंना विचारून घेतलं. जाड शिवण अजून जमतं, पट्ट्या धुता येतील, वेण्या घालता येतील, दोन वेळ जेवण पुरे. त्या हो म्हणाल्या. सुगंधाला काही बोलले नाही. तिला खिडकीशी बसवलं, ट्रंक वर चढवली, घराची किल्ली तिच्या पिशवीत टाकली. गाडी हलली तेव्हा तिला कळलं की मी चढणार नाही.