बाबांना न दिलेलं रक्त

प्रिय नोएमी,

तुझ्या बाबांचा खुबा बदलून आज नववा दिवस. काल ते वॉकर धरून एकटे संडासापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "आता लावा कुणाशीही शर्यत." मला हसू आलं नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं. सात वर्षं आठवड्यातून तीनदा त्यांना बसने सान मिगेलला डायलिसिसला नेते-आणते आहे, माझं त्राण त्या बसमध्येच कुठेतरी सांडलंय.

तू फोनवर जे बोललीस ते मनातून जात नाही. "रक्त नको म्हणालीस? आई, तुला त्यांना मारायचंय का?" एवढं बोलून तू फोन ठेवलास. कोस्टा रिकात बसून तुला इथलं काय कळणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. ऑपरेशनची तारीख हवी तर घरच्यांनी आधी रक्तदाते आणायचे आणि त्यांच्या चिठ्ठ्या जमा करायच्या. तुझ्या भावाने, ओविदिओने, त्याचा फुटबॉलचा अख्खा संघ नेला. गोलकीपर सुई बघूनच आडवा झाला, बाकीच्यांनी निमूट रक्त दिलं. मी सगळ्यांना पुपुसा, आपल्या मक्याच्या भरल्या भाकऱ्या, करून घातल्या आणि चिठ्ठ्या मिरवत हाडांच्या डॉक्टर बात्रेस बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "बाई, हे रक्त दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. जिवावर बेतल्याशिवाय मी यांना एक थेंब देणार नाही. परकं रक्त चढलं की शरीर परक्याशी भांडायला शिकतं, मग उद्या बसवलेली किडनीही हाकलून देतं. मुलाची किडनी जुळलीय ना? मग ती जुळलेलीच राहू दे."

मग सहा आठवडे लोहाची सलाईन आणि रक्त वाढवायची इंजेक्शनं. तपासायला रक्त घ्यायचं तेही तान्ह्या मुलांच्या बारक्या नळीत. बाबा नर्सला म्हणायचे, "एवढ्याशाने तुमचं भागतं, मग इतकी वर्षं बाटल्या कशाला भरत होता?" हिमोग्लोबिन आठवरून अकरावर आलं तेव्हा कुठे ऑपरेशन झालं. त्या वेळी रक्त कमी वाहावं म्हणूनही औषध दिलं. तरी तिसऱ्या दिवशी ते साडेआठवर उतरलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण माझ्या मागेच लागली, "अहो, दोन पिशव्या मागा की. तुमचा माणूस डोळ्यांदेखत चाललाय, आणि तुम्ही बसल्यात काय?" मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले. बात्रेस बाई सकाळ-संध्याकाळ येऊन नाडी, दम, रक्तदाब बघायच्या आणि "थांबू या" म्हणायच्या. पाचव्या दिवशी नऊ झालं. तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले.

आज ओविदिओची जुळणी पुन्हा तपासून आली. जशीच्या तशी आहे. मार्चमध्ये त्याची किडनी बाबांना बसवतील.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. दोन वर्षांपूर्वी तुझी किडनी नाकारली तेव्हा मी तुला सांगितलं, तुझ्यातच काहीतरी कमी आहे. पुढच्याच महिन्यात तू घर सोडून गेलीस. नोएमी, पहिल्या तपासणीत तुझी किडनी जुळली होती. नंतर बाबा बसथांब्यावर चक्कर येऊन पडले. तिथल्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणत होता, इंजेक्शन देऊन थोडं थांबू. मी त्याच्या हातापाया पडले, "दोन पिशव्या चढवा, दाते मी आणते." बाबांच्या ऊसतोडीच्या टोळीतले चौघे बोलावून आणले आणि रक्त चढवायलाच लावलं. मला वाटलं, मी त्यांना वाचवलं. त्या परक्या रक्तातल्या ज्या खुणांशी त्यांचं शरीर भांडायला शिकलं, त्या तुझ्यातही होत्या, ओविदिओत नव्हत्या; पुढच्या तपासणीत त्याने तुझी किडनी वैरी ठरवली होती. असं का झालं ते डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. घरी येईपर्यंत माझी हिंमत गेली, आणि दोष तुझ्यावर ढकलून मी मोकळी झाले. तुझ्यात काहीही कमी नव्हतं, पोरी. मार्चमध्ये सगळे ओविदिओचं कौतुक करतील, तेव्हा तुला हे ठाऊक असायला हवं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू येणार असलीस तर तुझ्यासमोर सांगेन, नाही आलीस तर या रविवारी एकटीच सांगेन.

तुझीच,
आई