जिल्ह्यासाठी बेचाळीस किलोमीटर

रविवार, १० जानेवारी २०१६
उद्यापासून पळणं. नक्की. जिल्हा निर्मिती समितीने पुढच्या महिन्यात घाटातून मॅरेथॉन ठेवली आहे. किनवट जिल्हा झाला पाहिजे हे वरपर्यंत ऐकू जावं म्हणून. समितीचे अध्यक्ष हणमंतराव दुकानात येऊन म्हणाले, "सिद्धलिंगअप्पा, व्यापाऱ्यांतून एक तरी नाव पाहिजे." लगेच दिलं. पूर्ण बेचाळीस किलोमीटरसाठी. अर्धी पण आहे, पण अर्धंमुर्धं करणं माझ्या स्वभावात नाही.

खरं कारण फक्त इथे लिहितो. यंदा पाऊस नाही, आणि दुकानातले प्लॅस्टिकचे ड्रम कधी नव्हे इतके खपले. लोक टँकरची वाट बघतात, मी गिऱ्हाइकाची. मन खातं. रुद्राणीला बोललो तर म्हणाली, "एवढं मन खाऊन राहिलं तर भाव कमी करा." बायकोला धंद्यातलं कळत नाही. भाव कमी केला तर बाजार बिघडतो. पळालो तर कुणाचंच काही बिघडत नाही.

मंगळवार, १२ जानेवारी
काल थंडी होती. आज पळालो. बसस्टँडपर्यंत. तिथे चहा. येताना कुत्री मागे लागली, त्यामुळे वेग चांगला मिळाला.

शुक्रवार, १५ जानेवारी
घाम येतो म्हणून दोनदा अंघोळ. आईने बादलीत डोकावून पाहिलं. म्हणाली, उदगीरला तुझे आजोबा तांब्याभर पाण्यात अंघोळ आन् लिंगपूजा दोन्ही उरकायचे. पूर्वीची माणसं पळत नव्हती, हे तिला समजावलं. तरी दुसरी बादली अर्धी तशीच ठेवली. उद्यापासून एकच अंघोळ. म्हणजे पळणं एक दिवसाआड केलेलं बरं.

गुरुवार, ४ फेब्रुवारी
लिहायला वेळ नव्हता. पळायलाही. लग्नसराई.

आज घाट पाहून आलो. मोटारसायकलवर. चढ अवघड आहे असं लोक उगाच म्हणतात. गाडीला काही जड गेला नाही. सागाची पानं गळालीत, पळस पेटलाय. फार सुंदर. एका वळणावर वरच्या वस्तीतल्या बाया डोक्यावर घागरी घेऊन चढून राहिल्या होत्या. मी पळसाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

शनिवार, २७ फेब्रुवारी
सराव कमी झाला हे मान्य. पण मोबाइलवर वाचलं की शेवटच्या आठवड्यात विश्रांतीच घ्यायची असते. मी ती आधीपासून घेतली. आदल्या दिवशी कार्बोहायड्रेट खावेत असंही आहे. पुरणपोळ्या खाल्ल्या. संध्याकाळी भजी, बटाट्याची. रुद्राणीने विचारलं, "अर्धीला नाव बदलून मिळत नसल का?" तिला हसलो.

रविवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळ
जसं झालं तसं लिहितो.

सकाळी हणमंतरावांनी झेंडा हलवला. सुरुवात उत्तम, कारण उतार होता. मग घाट लागला. समितीच्या पोरांनी बाटली दिली, ती डोक्यावर ओतली. तिसऱ्या वळणावर दगडावर बसलो. दृश्य बघायला. खाली पैनगंगा कोरडी पडलेली. बघता बघता बरेच लोक पुढे गेले.

मागून पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर पंढरी ओळखीचा. वरच्या वस्तीला चालला होता. थांबून म्हणाला, "शेठ, काय झालं?"

दमलो म्हणायला हवं होतं. तेवढ्यात कॉलेजच्या दोन पोरी हसत शेजारून पळून गेल्या. मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "इथं कसंतरीच होऊन राहिलं." एवढंच. दुखतंय असा शब्द मी वापरला नाही.

मला वाटलं, केबिनमध्ये बसवून वरपर्यंत नेईल. वर नेलं असतं तर उतरून थोडं पळालोही असतो. पण पंढरीने भरलेला टँकर तिथेच वळवला. मी म्हणालो, "अरे, वर बाया थांबल्या असतील." तो म्हणाला, "थांबत्यान. तुमी बोलू नका, पडून ऱ्हावा." घाटभर हॉर्न दाबून होता. आता सांगावं, पुढच्या वळणावर सांगावं, असं करता करता किनवट आलं.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, पोट दाबलं, काल काय खाल्लं विचारलं. भजी म्हटल्यावर गोळी दिली.

बाहेर पंढरी बसून होता. दुपारची फेरी दुसऱ्या गावाची. वस्तीचा नंबर आता बुधवारी. म्हणाला, "जाऊ द्या शेठ, जीव वाचला."

सोमवार, २९ फेब्रुवारी
समिती घरी आली. शाल, नारळ. पेपरातही आलं: छातीत कळ येऊनही जिल्ह्यासाठी धाव. नको नको म्हणत होतो, पण शाल खांद्यावर आल्यावर काढणं बरं दिसत नाही.

लोक गेल्यावर रुद्राणीने शालीची घडी घातली. म्हणाली, "वस्तीत काय पिऊन राहिले असतील आज?" तिला भज्यांचं माहीत आहे. जेवण गेलं नाही. शेवटची भाकर अर्धी उरली.

बुधवार, २ मार्च
टँकर आज वर गेला. म्हणजे आता मी जायची तशी गरज नाही. तरी जाणार. जाऊन खरं सांगणार. रविवारी.

रविवार, ६ मार्च
उद्या महाशिवरात्र, उपास, म्हणून उद्यावर ढकलता आलं नाही. जीप केली. दोन ड्रम घेतले, फुकट द्यायला. रुद्राणी म्हणाली, "आधी तोंडानं सांगा, मग ड्रम उतरवा." घाटात वाक्य पाठ केलं. मला काही झालं नव्हतं, मी खोटं बोललो, तुमचं पाणी माझ्यामुळे परत गेलं.

वस्तीत धुरपताबाई म्हणून एक म्हातारी दारात होती. पळणारा मी तोच हे कळताच उठून उभी राहिली. "तुमीच का ते शेठ? त्या दिशी पळनाऱ्या पोरींनी सांगितलं, टँकर तुमाला घेऊन माघारी गेला म्हून. लई घोर लागला व्हता. बुधवारी पंढरी आला तर पाण्याच्या आधी तुमचंच इचारलं, मानूस जगलं का."

मी म्हणालो, "तुम्हाला पाणी..."

म्हणाली, "आनलं की खालच्या झऱ्यावरून. पाण्याचं काय, चालायचंच."

चार बाया जमल्या. बाज टाकली. मी ड्रम दाखवले. धुरपताबाई म्हणाली, "ड्रम हायत आमच्याकडं. आनलेत तर ठेवा तिकडं." मग पेलाभर पाणी आणलं. मी नको म्हणालो. पुन्हा नको म्हणालो. छातीच्या माणसाने तहानलेलं राहू नये, म्हणाली. प्यालो. गार होतं.

"आता कसं हाय?" तिने विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघून राहिल्या. वाक्य तोंडात तयार होतं.

"हळूहळू बरं वाटतंय," म्हणालो.

निघताना दोघींनी दंडाला धरून जीपपर्यंत आणलं. उतारावर मी थोडा लंगडलोसुद्धा.