भाऊबिजेच्या दिवशी सुटलेली गोळी

मी, श्यामसुंदर रामजी शिंगटे, वय वर्षे ८१ पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, मूळ राहणार तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम हाउसिंग बोर्डाचा फ्लॅट, सेक्टर ४०, चंडीगड, फौजेच्या शस्त्र-दुरुस्ती कार्यशाळेतून हवालदार म्हणून निवृत्त आणि त्यानंतर तेहेतीस वर्षे येथील एका बंदुकीच्या दुकानातील मिस्त्री, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते. हात कापत नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मजकूर माझा आहे, वकीलबाईंनी फक्त कलमांना आकडे दिले. कलम पाच गाळावे असा त्यांचा सल्ला होता. तो मी मानलेला नाही.

कलम १. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझा एकुलता मुलगा सुबोध यास द्यावे. यात प्रेमाचा भाग कमी आहे. बापाने घर दिले नाही म्हणून मी बापाबद्दल असे बोलतो, असे म्हणण्यास त्यास वाव राहू नये, एवढाच हेतू आहे. तो मोहालीत लिफ्टच्या सोसायटीत राहतो व या घरास 'कबूतरखाना' म्हणतो. कबूतरखाना त्यास लखलाभ.

कलम २. बँकेतील ठेव व माझी पत्नी कै. शशिकला हिचे दागिने सून सौ. स्मिता हिला द्यावेत. शशिकलेच्या जखमी पायाची मलमपट्टी तिने चार महिने केली, एकदाही तोंड वाकडे केले नाही. मला मात्र तेव्हापासून तिने चहाचा कप हातात दिलेला नाही, टेबलावर ठेवते. तिची चूक नाही. तिला जे सांगितले गेले ते तिने खरे मानले.

कलम ३. माझ्या परवान्यावर दोन शस्त्रे आहेत : बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर व बावीस बोअरचे पिस्तूल. शस्त्रे भांड्यांसारखी वाटून देता येत नाहीत. माझा मृत्यू होताच दोन्ही शस्त्रे व शिल्लक काडतुसे पोलीस ठाण्यात जमा करावीत. 'तेरावे होऊ दे, मग बघू' असे करू नये. त्यानंतर सुबोधची मुलगी, माझी नात कु. रेवा, वय २२, हिने वारस म्हणून परवान्याचा अर्ज करावा. सुबोधने अर्ज केल्यास हे मृत्युपत्र माझी हरकत समजून जोडावे. बंदुकीच्या स्क्रूच्या खाचांप्रमाणे एकेक घासून बसवलेले माझे एकोणीस स्क्रू ड्रायव्हरही रेवाचेच. त्यांतील एकाने सुबोधने रंगाचा डबा उघडला होता.

कलम ४. रेवा नेमबाजीच्या रेंजवर बावीस बोअर चालवते. पुढचे तिला सांगणारा कोणी उरणार नाही, म्हणून लिहितो. बोअर, म्हणजे नळीचे माप, निवडताना शत्रू किती मोठा हे पाहू नये, आपला हात किती घडला आहे ते पाहावे. बावीसला झटका कमी, काडतूस स्वस्त, त्यामुळे आठवड्याला पन्नास गोळ्या झाडता येतात आणि हात त्यातूनच घडतो. बत्तीसचे काडतूस महाग, म्हणून माणूस ते डबीत जपून ठेवतो आणि वापरायला शिकत नाही. अंगावर बाळगायचेच झाले तर बत्तीस पुरेसे आहे, पण बावीसवर वर्ष काढल्यानंतर, आणि तेही रिव्हॉल्व्हर. त्याआधी ते कमरेला लावणे म्हणजे नुसते वजन वाहणे.

हेच मी सुबोधलाही सांगितले होते. २०१४ साली परवाना मिळताच तो दुकानात आला. "बाबा, कोणता बोअर घेऊ? कमरेलाही चालला पाहिजे आणि रेंजवरही."

"दोन्हीला एक नसतो. आधी वर्षभर रेंजवर बावीस."

तो गिऱ्हाइकांकडे बघून हसला. "बावीसने काय चिमण्या मारू? नऊ एमएम आपल्याला परवान्यावर मिळत नाही, नाहीतर तेच घेतलं असतं."

"तुला हत्यार हवंय की सदऱ्याखालचा फुगवटा?"

मालक मधे पडले, "मिस्त्रीजी, ग्राहक को ग्राहक रहने दो।"

त्याने बत्तीस बोअरचे पिस्तूल घेतले. पिस्तूल चपटे असते, चंडीगडच्या मे महिन्यात एका सदऱ्याखाली लपते, रिव्हॉल्व्हरचे गोल सिलिंडर लपत नाही. एवढे त्याचे म्हणणे बरोबर होते. पण रिव्हॉल्व्हर उघडले की सहाही काडतुसे डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाचे मॅगझिन काढले तरी एक काडतूस नळीत राहिलेले असू शकते, आणि ज्याचा हात रेंजवर घडलेला नाही त्याला हे आठवत नाही. तीन वर्षांत सुबोध रेंजवर दोनदा गेला. दोन्ही वेळचे फोटो आहेत.

कलम ५. दिनांक २१ ऑक्टोबर २०१७, भाऊबीज. सुबोधचे कुटुंब सणासाठी माझ्या घरी होते. स्मिताचा भाऊ नरेश ओवाळून घेण्यास पंचकुल्याहून आला होता. स्मिता स्वयंपाकघरात होती, रेवा शिकवणीला गेली होती. बाहेरच्या खोलीत सुबोध, नरेश, मी आणि निरांजनाच्या वाती वळत बसलेली शशिकला.

नरेश म्हणाला, "दाजी, दाखवा ना यार तुमचं खेळणं."

सुबोधने पिस्तूल काढले, मॅगझिन बाहेर काढून टीपॉयवर ठेवले.

मी म्हणालो, "सुबोध, नळी बघ."

"बाबा, मॅगझिन बाहेर आहे. पक्का रिकामं आहे."

आणि त्याने जमिनीकडे धरून चाप ओढला. गोळी फरशीवर आपटून उडाली आणि शशिकलेच्या उजव्या पायाच्या नडगीत शिरली.

दवाखान्यात नेण्यासाठी गाडीत बसवताना शशिकलेने माझे मनगट धरले. "पोराची नोकरी जाईल. तुम्ही म्हणा, साफ करताना सुटली. तुम्हाला कोण काय म्हणणार? तुम्ही मिस्त्री." ती जिवंत असेपर्यंत मी बोलू नये, अशी शपथही घातली.

मी पोलिसांना तसे लिहून दिले. चोपन्न वर्षांत नळीत पाहिल्यावाचून मी एकही शस्त्र साफ केलेले नाही. त्या दिवशी स्वतःच्या सहीने लिहिले की पाहिली नव्हती.

तरी येथे नमूद करतो की ती गोळी सुबोधच्या हातून सुटली. निवेदन खोटे होते, तो गुन्हा माझा. हे वाचले जाईल तेव्हा शिक्षेसाठी मी उपलब्ध नसेन, याबद्दल दिलगीर आहे.

कलम ६. माझा परवाना अकरा महिने निलंबित राहिला. दुकानाच्या मालकांनी, "मिस्त्रीजी, बहुत काम कर लिया, अब आराम करो," असे सांगितले. सुबोधची डेराबस्सीतील नोकरी राहिली, पुढे बढतीही झाली. शशिकला लंगडत चालत असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती वारली. आता शपथ सुटली, मुलगा स्वतः बोलेल, असे मला वाटले. भेटायला आलेल्या लोकांना तो म्हणाला, "बाबांचं वय झालेलं. आम्ही सांगत होतो, हत्यारांना हात लावू नका. आईला जन्माचं अधू केलं." हे मी उजव्या कानाने ऐकले. स्वतः सांगत सांगत आता त्याला ते खरे वाटू लागले असावे. त्यानंतर चार वर्षे मी वाट पाहिली.

गेल्या हिवाळ्यात रेवाची स्पर्धा पाहण्यास मी रेंजवर गेलो. तिची पकड मनगटातून ढिली होती. सांगण्यासाठी पुढे झालो तर ती हळूच म्हणाली, "आजोबा, प्लीज, आप बाहर बैठो. यहाँ सबको पता है।" मी बाहेर बाकावर दोन तास बसलो. तिने मला रागावून हाकलले असते तर चालले असते. तिला माझी लाज वाटत होती.

म्हणून वाटणीच्या कलमांआधी कलम पाच सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. रेवाला मराठी कळते, पण अडल्यास वकीलबाईंनी हिंदीतून समजावून सांगावे. सुबोधने समजावू नये. तिने कोणाला क्षमा करावी किंवा करू नये, याबद्दल माझी सूचना नाही.

कलम ७. साक्षीसाठी मी आज नरेश यांस मुद्दाम बोलावले. त्यांनी कलम पाच दोनदा वाचले.

"काका, आता कशाला उकरून काढताय? ताईचं घर आहे ते."

"नरेशराव, खोटं असेल तर तसं सांगा. आत्ता खोडतो."

त्यांनी फोन पाहिला. मग म्हणाले, "माझी कॅब आलीये," आणि चहा तसाच ठेवून गेले. खोटे आहे असे ते म्हणाले नाहीत. हे खालील दोन्ही साक्षीदारांनी समक्ष ऐकले आहे.

वरील मजकूर कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून, वाचून, खाली सही केली आहे.

ठिकाण : सेक्टर ४०, चंडीगड
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५
सही : श्यामसुंदर रामजी शिंगटे

साक्षीदार :
१. श्रीमती पद्मिनी वसंत आपटे, शेजारी, निवृत्त शिक्षिका. सही.
२. श्री. यतीन अरविंद खर्चे, केंद्र सरकारी कर्मचारी, राहणार वरचा मजला. सही.

हजर, सही केली नाही : श्री. नरेश जयवंत मोहिते, राहणार पंचकुला. दिनांक २१ ऑक्टोबर २०१७ रोजीही हजर.