माहीमच्या बर्फासाठी स्वस्तातला बोर्ड

८ सप्टेंबर १९८९, शुक्रवार
एमआयडीसीची सुट्टी, वीज नाही. गाळ्याचं शटर वर करून दोघंही उजेडात बसलो. टेबलावर दोन सर्किट बोर्ड. पुण्याचा देखणा. वरून वॉर्निशचा लेप, वीज गेली तरी आठवण राहावी म्हणून बॅटरी. मुंबईचा उघडाबोडका, निम्म्याहून स्वस्त. प्रोसेसर दोन्हींत तोच, ८०८५. शिरीष पुण्याच्या बाजूने, मी मुंबईच्या. पालघरजवळच्या माहीमच्या दामूशेठना बर्फ कारखान्यासाठी कंट्रोलर द्यायचाय. आमचा पहिलाच. महाग असेल तर शेठ घेणार नाहीत, हे शि.लाही कळतं. पण हलका माल द्यायचा नाही म्हणतो. नवऱ्याचा हा गुण लग्नाआधी मला फार आवडायचा.

१२ सप्टें.
काम केवढं? बर्फाचे डबे ज्यात बुडवतात त्या मिठाच्या पाण्याचं तापमान बघायचं, त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा. बस्स. वीज गेली आणि आली तर पुन्हा तापमान बघायचं, त्याला आठवण कशाला हवी? एवढ्यासाठी पुण्याचा बोर्ड म्हणजे शेजारी साखर मागायला पैठणी नेसून जाणं.
शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग सुरू झालं की मुंबईवाला भरकटायचा. सप्लायला फिल्टर लावला. आता गप्प आहे. शि. म्हणाला, "बघ बाई, नाव आपलं जाणार." पण शेवटी मुंबईच्या बोर्डाला हो म्हणाला.

१७ सप्टें.
सासूबाई येऊन गेल्या. विषय एकच, मस्कतची नोकरी. शि.ने दिवाळीपर्यंत हो-नाही कळवायचंय. माहीमचं जमलं तर 'नाही' म्हणून कळवायचं आणि गाळा चालवायचा, असं आमचं ठरलंय. सासूबाईंना सांगितलेलं नाही.
मला तो जायला नकोय. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हटलं की भांडण होतं.

२२ सप्टें., शुक्रवार
माहीमला बसवून आलो. मशीनवर काशिनाथ, गावचाच. डब्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, "बाय, ह्यो रातचा झोपत नाय ना?"
"नाही."
"मंग चांगला हाय. मी झोपतो."
दामूशेठ हसले नाहीत. "दसऱ्यानंतर बोटी भरून बर्फ लागतो. तवा टिकला तर ठेवतो. नाय टिकला तर घेऊन जा." सरळ माणूस.

१ ऑक्टो.
माहीमहून तक्रार नाही. बोर्ड चालतोय म्हणजे कोणाला त्याची आठवण होत नाही. चांगलं लक्षण. शि. पासपोर्टचे फोटो काढून आला. "असू देत जवळ," म्हणाला.

१० ऑक्टो., दसरा
गाळ्यातली पूजा मी केली. सोल्डरिंग आयर्नला, मीटरला हळदकुंकू. दामूशेठनी यंत्रपूजेला बोलावलं होतं, शि. एकटा गेला. नारळाची शकलं घेऊन खुशीत परतला. सोनं वाटलं. बरा दिवस.

१२ ऑक्टो.
सकाळी काशिनाथ दारात. बर्फ धरत नाही. लादी बाहेरून कडक, आत पाणी. कॉम्प्रेसर आपोआप लवकर बंद होतो. बोटी खोळंबल्या, शेठना पालघरहून बर्फ आणावा लागला. बोर्ड काढून ठेवलाय, मशीन हाताने चालवतायत. शि. शांतपणे म्हणाला, "मी म्हटलं होतं."

१३ ऑक्टो., शुक्रवार
दोघं माहीमला. बोर्ड जोडून पाहिला. खरं असेल त्याहून गार दाखवतो, म्हणून कॉम्प्रेसर बंद करतो. झाकण उघडलं. सेन्सरच्या तारा जिथे येतात तिथेच हळदकुंकवाचं बोट, कारखान्याच्या दमट हवेत अजून ओलसर, वर चार अक्षता, एक दाणा चिपच्या पायात अडकलेला. उघड्या बोर्डावर असा ओलावा आला की आकडा सरकणारच. मला हसूच आलं.
काशिनाथ ओशाळला. "आमी झाकनालाच लावत होतो, बाय. सायबांनी उगडून दिला. बोलले, झाकनाची कसली पूजा, देव आत हाय."
हसू गेलं. ज्याला घरी आरतीला दोनदा हाक मारावी लागते, तो.
स्पिरिट आणि ब्रशने पुसलं. आकडा जागेवर आला. शेठ म्हणाले, "आठ दिस बघतो."
एस्टीत शि. म्हणाला, पुण्याच्या बोर्डाला काही झालं नसतं. खरंय.

१४ ऑक्टो.
विचारलं. झाकण का उघडलंस?
"इतक्या भावाने करत होते. नाही म्हणवेना."
"ओलं कुंकू आत गेलं की काय होईल, माहीत नव्हतं?"
"होतं," म्हणाला आणि हात धुवायला गेला.
राग आला. कोजागिरीचं दूध आटवलं, गच्चीत दोघं दोन टोकांना बसून प्यायलो.

१६ ऑक्टो.
माहीमला एकटी गेले. बोर्डाला वॉर्निशचे दोन हात दिले, वाळेपर्यंत काशिनाथच्या घरी जेवले. सुकटीची चटणी, भाकरी. त्याची बायको म्हणाली, "सायेब नाय आले?" काम आहे म्हटलं.

२३ ऑक्टो.
दामूशेठनी बोर्ड ठेवला. शिवाय वाणगावला त्यांच्या मेव्हण्याचा बर्फ कारखाना आहे, त्यालाही एक हवाय, ह्याच किमतीत. शि.ला सांगितलं. "छान झालं," म्हणाला. आवाज छान झाल्यासारखा नव्हता. तो जाईल अशी भीती होतीच. आता त्याला जायचंच असेल तर, ही वेगळी भीती.

२७ ऑक्टो., शुक्रवार
परवा लक्ष्मीपूजन.
"मस्कतला कळवलंस?"
"उद्या."
"काय कळवणार?"
"बघू."
वाणगावसाठी मुंबईचाच बोर्ड मागवला, आणि एक जास्तीचा. पॅनलचं वायरिंग आजवर शि.चं काम. आज मीच सुरू केलं. तो स्टुलावर बसून बघत होता. दुसऱ्याच्या पॅनलमधली चुकीची तार ज्याला दारातून दिसते, तो. एक तार मी चुकीची लावली. तो काही बोलला नाही. त्याला दिसली नाही, की दिसून गप्प बसला, कोण जाणे. थोड्या वेळाने माझी मलाच सापडली. काढली आणि परत लावली.