फोटोतली मिशी

ती. रामाजीभाऊंना धाकट्या सुनिलचा जयभीम. रुखमावहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. आमच्याकडे सगळं बरं आहे, म्हणजे माझे केस सोडून. (फोनवर बोललो तर आपली पोर रिना ऐकते, म्हणून पत्र.)

तुम्ही सांगितलं तसा डोक्यावरच्या केस गेलेल्या चट्ट्याला कांदा चोळला. केस आले नाहीत, मुंग्या आल्या. मग डावी भुवई गेली आणि पाठोपाठ अर्धी मिशी. (उरलेली अर्धी मीच काढली, कारण तिच्याकडे पाहून लोक बोलणंच विसरत.) शेवटी चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, अंगात पहारेकरी असतात, बाहेरचे जंतू अडवणं त्यांचं काम. तुमचे पहारेकरी तुमच्याच केसांच्या मुळांना परकं समजताहेत. हा आजार दुसऱ्याला लागत नाही आणि केस परत येऊही शकतात. शिवाय अशा रोग्यांच्या रक्तात ऑटोअँटिबॉडी म्हणून एक प्रकार सापडतो, स्वतःच्याच अंगाविरुद्ध तयार झालेला. मी म्हटलं, मग धरा त्यांनाच. तर बाई म्हणतात, मुख्य हल्ला काही पांढऱ्या पेशींचा. या ऑटोअँटिबॉडी त्यात सामील असतात की धुमाकूळ झाल्यावर जमतात, हे अजून नक्की ठरलेलं नाही. भाऊ, कोळसा डेपोच्या गेटवर माझं आयुष्य गेलं. आमच्याकडे चोरी झाली की जवळ सापडेल त्याला आधी बसवून ठेवतात, चौकशी मागाहून. इथे या रक्तात सापडल्या तरी मोकळ्या. राग कोणावर काढावा, तेच कळेना.

त्याच गोंधळात ड्यूटीवर गेलो, तर वाजिदने गेटवर अडवलं. या वाजिदला काम मीच शिकवलं. पासवरच्या फोटोशी चेहरा जुळला नाही तर बापालाही सोडायचं नाही, हे माझंच वाक्य. बिचारा रडवेला होऊन म्हणाला, "काका, आवाज तुमचाच हाय, डबाबी वळखतो मी. पण फोटोत मिशी हाय. तुमीच सांगतलं होतं ना." साहेब येईपर्यंत मी ट्रकवाल्यांच्या रांगेत उभा. त्याला शाबासकी द्यावी की शिव्या, हे अजून ठरवता आलेलं नाही. पण तेव्हापासून मी आरशासमोर गेलो नाही, आणि मनातून फार घाबरलो आहे.

बाकी ठीक. तुमच्या मूल गावाकडे धान यंदा कसं आहे?

आपला,
सुनिल

ता. क. – मुद्दा राहिलाच. रविवारी घुग्घुसचे पाहुणे आपल्या रिनाला पाहायला येताहेत. त्यांनी मला अजून पाहिलेलं नाही. माझं तोंड पाहून पोरीचं जमता जमता मोडेल. आपण दोघं जुळ्यांसारखे दिसतो (दिसायचो), तर त्या दिवशी तिचा बाप म्हणून तुम्हीच बसा. मी आत चहा करीन.

ता. क. २ – रिनाने पत्र वाचलं. म्हणते, "ज्या घराले माहे बाबा चालत नाई, त्या घरी मले जाचंच नाई. तुमीच बसा समोर." वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. ३ – तरी तुम्ही याच. फक्त येताना मिशी आणि डावी भुवई काढून या. दोघं शेजारी बसलो की पाहुण्यांना वाटेल, या घरात तोंडं अशीच असतात.