तंबोऱ्यासाठी डॅक

आई, हे तुला समजावून सांगायचं म्हणजे मलाच दमायला होतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू? हल्ली गाणं कॅसेटवर नसतं, कॉम्प्युटरमध्ये आकडे होऊन पडलेलं असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायला साबणाच्या वडीएवढी एक डबी लागते. तिला डॅक म्हणतात. कॉम्प्युटर आणि आपला जुना अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये ती बसते. कुठली घ्यावी, यात माझी अख्खी थंडी गेली. रजईत बसून लोकांची मतं वाचायची. एक म्हणतो ही डबी गोड, दुसरा म्हणतो ती कोरडी. अगं, आवाज आहे की चिवडा! डोकं नुसतं उठलं.

एवढा खटाटोप तुझ्यासाठीच. तुझी एकच कॅसेट उरली होती, जयेंद्रगंजच्या घरी गणपतीत गायलीस ती. माझ्या साठीला तुझ्या नातीने ती कॉम्प्युटरवर उतरवून दिली. उतरवता उतरवता फीत तुटली, पण गाणं वाचलं. तिने तुला पाहिलेलंही नाही, तरी किती जीव लावून केलं पोरीने! मी ऐकायला बसलो. तुझा आवाज लख्ख. पण तंबोरा कुठेच नाही. मला वाटलं, कॉम्प्युटरचा आवाजच पातळ, बारकावे त्याला पेलत नसणार. म्हणून डॅक.

तो दिवस मला आजही दिसतो. तू बैठकीवर तंबोरा लावते आहेस, लावतेच आहेस. पाहुणे चुळबुळ करताहेत. स्वयंपाकघराच्या दारातून मावशी ओरडते, "अगं, मोदक शिजले, तुझा तंबोरा कधी शिजायचा?" सगळे हसतात. कॅसेट फुकट जायला नको म्हणून मी रेकॉर्डर बंद ठेवून बसलोय. खुंटीवरचा हात न काढता तू माझ्याकडे बघतेस. "दाब ते बटण. गाणं सुरू झालंय, कळत नाही का तुला?" चारचौघांत! माझे कान लाल होतात, मी बटण दाबतो. तेव्हा राग आला होता. आता त्याच तारांसाठी जीव तळमळत होता.

पहिली डबी परत पाठवली. दुसरी फूलबागेजवळच्या एका दुकानात ऐकली. दुकानदार म्हणाला, "अंकल, इसमें तो सुई गिरने की आवाज़ भी आएगी." सुई कशाला पाहिजे मला? घरी आणून लावली, तंबोरा नाहीच. तिसरी चांगली महाग मागवली. बायको म्हणाली, "आता कानच तपासून घ्या एकदा." तेही करून आलो. वयाच्या मानाने कान ठीक आहेत म्हणे.

शेवटी लेक सुट्टीला आली तेव्हा तिच्यापाशी कुरकुरलो. ती हसायला लागली. इकडच्या हिंदी शाळांत वाढलेली पोर, अर्धं हिंदीच बोलते. "अरे बाबा, ती घूं-घूं ना? ती तर मीच काढली! सुरुवातीला आजी गातच नव्हती, बस शोर था. सॉफ्टवेअरला तेवढा तुकडा दाखवला की असा आवाज नको. उसने पूरे गाने में से साफ़ कर दिया. मस्त झालं ना?"

"आणि आधीचं? साफ न केलेलं?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं. क्यों? काही चुकलं का?"

काय सांगणार होतो, आई? एवढा उजळलेला चेहरा होता तिचा. आणि चूक तरी काय म्हणू? या घरात तंबोरा तिने कधी वाजताना ऐकलाच नाही. "छान झालंय," म्हटलं. मग उठून गच्चीत गेलो आणि रडलो, चांगला हुंदके देऊन. तू गेलीस तेव्हा माणसांच्या गर्दीत रडायला जमलं नव्हतं.

तिसरी डबी परत पाठवायचंसुद्धा त्राण उरलं नाही. ती तशीच जोडलेली आहे, तिचा निळा दिवा जळत असतो. लेक फोनवर विचारते, "आजीला ऐकतोस ना बाबा?" मी हो म्हणतो.

नाही ऐकत. तारांशिवाय तू फार एकटी वाटतेस गं, दोन मिनिटांत बंद करतो. आणि खरं सांगू का? तो तंबोरा नेमका कसा वाजायचा, ते आता मलाही आठवत नाही.